धर, जोविटा

चेंडू जोविटाच्या खांद्याला लागला, खाली पडला आणि घरंगळत थेट चिऱ्याच्या कट्ट्यापर्यंत गेला. ती जागची हलली नाही. ग्रेटा टीचर दुखरा गुडघा सांभाळत कट्ट्यापाशी गेली, वाकून चेंडू उचलला, जाळीच्या आपल्या बाजूला परत आली आणि पुन्हा फेकला.

“धर,” ती म्हणाली.

या खेपेला चेंडू पोरीच्या पायाशी पडला. तो दुसऱ्याच कुणासाठी आला असावा तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.

शाळा सुटली होती. संत रीता हायस्कूलच्या व्हरांड्यात नववीच्या पाच-सहा मुली दप्तरं पाठीला लावून उभ्या होत्या. एरवी या वेळी त्या मैदानात असत. थ्रोबॉलचा संघ त्यांचाच होता. आज नुसत्या बघत होत्या. संघाची कप्तान दीक्षा कोट्यान हिने आदल्या दिवशी टीचरला सरळ सांगून टाकलं होतं की जोविटा खेळणार असेल तर आमच्यातली कुणीच खेळणार नाही. ग्रेटा टीचरने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली होती आणि म्हटलं होतं, बरं, मग नका खेळू. ती आणि मी खेळू.

आता ते खेळणं चाललं होतं. टीचर फेकत होती, पोर धरत नव्हती, टीचर उचलून आणत होती. व्हरांड्यातून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अंधारून यायला लागलं तशी टीचरने चेंडू जाळीच्या पिशवीत टाकला आणि म्हणाली, “उद्या परत.”

जोविटा सेरावने दप्तर उचललं. डाव्या हाताने. उजवा हात युनिफॉर्मच्या खिशात होता, तो तिने मैदानावर आल्यापासून बाहेर काढला नव्हता.

नेल्लिपदवु गावात ग्रेटा क्रास्टाला कुणी हळवी म्हटलं नसतं. तिचं लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नाही हे विचारायची वेळ केव्हाच टळून गेली होती. भावाच्या घरात मागच्या बाजूची खोली तिची. शाळेत पीटीचा तास तिचा, प्रार्थनेच्या रांगा तिच्या, खेळांच्या दिवशी मैदानावर चुन्याच्या रेषा मारणं तिचं. मुलं पाठीमागे तिला ‘शिट्टी टीचर’ म्हणत आणि तिला ते माहीत होतं. कुणी रडायला लागलं की ती म्हणायची, तोंड धुऊन ये. याहून जास्त काही तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पण सप्टेंबरपासून शाळेत जे चाललं होतं ते तोंड धुऊन जाणारं नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोंती सायबिणीच्या, म्हणजे मारियेच्या जन्माच्या, सणाची गडबड असते. सणाआधीचे नऊ दिवस पोरंटोरं रोज फुलं जमवून चर्चमध्ये नेतात आणि बाळ मारियेच्या मूर्तीपुढे ओततात. कुणाची परडी मोठी यावरून चढाओढ असते. डेलिशा मोंतेरो आणि जोविटा सेराव या दोघी शाळा सुटल्यावर नदीकाठी तेरड्याची फुलं आणायला गेल्या. दोघी एका बाकावरच्या, एका संघातल्या, पहिलीपासून एकमेकींच्या घरी जेवणाऱ्या. नदी भरलेली होती. परत आली ती जोविटा एकटी, भिजलेली, चपला नसलेली. डेलिशा दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याजवळ सापडली.

चर्चच्या विगार पाद्रींनी रविवारी चांगला उपदेश केला. कुणाचा दोष नाही, कुणी बोट दाखवू नये, असं सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. पण चर्चच्या पायऱ्या उतरून मासळीवालीपर्यंत पोचेतो बोलणं सुरू झालं होतं. कुणी म्हणे, जोविटानेच तिला खडकावर नेलं. कुणी म्हणे, संघातल्या जागेवरून दोघींचं वाजलं होतं. एकीने तर आणखी पुढचं काहीतरी सुचवलं आणि वर म्हणाली, मी नाही हो म्हणत, लोक म्हणतात. पोलिसांनी जोविटाला विचारलं, पाय कुठे घसरला. तिने जागा दाखवली. त्यानंतर ती बोलायची थांबली. घरी हो-नाहीपुरतं, शाळेत तेवढंही नाही. लिहायचीही थांबली. गणिताच्या सरांनी वही कोरी बघून तिला उभं केलं, तर ती तास संपेपर्यंत उभी राहिली, आणि पुढच्या तासालाही उभीच राहिली, कारण बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

शाळेने काही केलं नाही असं नाही. शहरातून एक समुपदेशक बाई आल्या. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, मन मोकळं करा असं सांगितलं, मुलींकडून रंगीत कागदाची फुलपाखरं कापून घेतली. बाई भल्या होत्या, पण त्यांना परतीची बस गाठायची होती. फुलपाखरं नववीच्या भिंतीवर डकवली गेली. जोविटाच्या बाकावर तिच्याशेजारी मात्र कुणी बसायला आलं नाही.

हेडमिस्ट्रेस सिस्टर तेक्ला यांनी ग्रेटा टीचरला बोलावून घेतलं ते त्याच आठवड्यात.

सिस्टर वाईट नव्हत्या. थकल्या होत्या. पालक रोज येत होते, कुणी मुलीचा वर्ग बदला म्हणत होतं, कुणी जोविटाचा. त्यांनी टीचरला खुर्ची दिली आणि सांगितलं की शिवमोग्याला आपल्याच सिस्टरांचं बोर्डिंग आहे, तिथे बोलणं झालंय. जोविटाचे वडील कबूल आहेत. महिनाअखेर ती जाईल. तिथे तिला कुणी ओळखत नाही, नव्याने सुरुवात करता येईल.

“कुणी ओळखत नाही हेच वाईट आहे,” ग्रेटा टीचर म्हणाली.

“ग्रेटा, तू मैदानावर जे करते आहेस ते मी खिडकीतून बघते. सगळ्या मुलींसमोर तिला उभं करून चेंडू मारतेस. तिला त्रास होत असेल.”

“होत असेल.”

“मग?”

टीचरला बोलायची सवय नव्हती, ऑर्डर द्यायची होती. ती म्हणाली, “सिस्टर, ती इथून गेली तर लोक म्हणतात तेच खरं ठरेल. तिलासुद्धा तेच खरं वाटेल. मरेपर्यंत. मी तिला माझ्या रांगेतून जाऊ देणार नाही.”

सिस्टर तेक्लांनी विचारलं, तू तिची कोण? टीचर म्हणाली, पीटी. सिस्टर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की महिनाअखेरपर्यंत तुला काय करायचं ते कर, पण मोंतेरोंच्या घराकडे जाऊ नकोस. त्या आईला आणखी काही सोसायला लावायचं नाही.

ग्रेटा टीचरने ते ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही.

संध्याकाळी ती जोविटाच्या वडिलांना गाठायला रिक्षा स्टँडवर गेली. वलेरियन सेराव रिक्षा पुसत होता. तो म्हणाला, टीचर, चर्चच्या बाजूची माणसं आता माझ्या रिक्षात बसायला कचरतात, बसली तर बोलत नाहीत. त्याचं मला काही नाही. पण पोर जेवताना डाव्या हातात चमचा धरते. उजवा हात लुळा पडला म्हणून डॉक्टरला दाखवला, तर डॉक्टर म्हणतो हाताला काहीच झालेलं नाही. तिची आई रोज त्या हाताला तेल लावते आणि रडते. शिवमोग्याला गेली तर निदान जेवेल तरी.

“महिनाअखेरपर्यंत थांब,” टीचर म्हणाली.

“थांबून काय होणार?”

“मला माहीत नाही. थांब.”

मैदानावर रोजचं चालू राहिलं. टीचर फेकायची आणि म्हणायची, धर. चेंडू पडायचा. टीचर उचलायची. गुडघ्याला रात्री सूज यायची, वहिनी गरम पाण्याची पिशवी द्यायची आणि बडबडायची की या वयात पोरींसारखं धावतेस, कुणी पदक देणार आहे का. व्हरांड्यातल्या मुली कमी होत गेल्या. एक दिवस दीक्षा कोट्यान एकटीच उरली. ती पायऱ्या उतरून मैदानात आली आणि जाळीजवळ उभी राहिली.

“टीचर, मला एक विचारायचंय.”

“विचार.”

“दोघी गेल्या होत्या. डेलिशाच का गेली? हीच का वाचली?”

ते जोविटासमोर विचारलं होतं. जोविटाने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने कुणाच्या तोंडाकडे पाहिलं. दीक्षाचे ओठ थरथरत होते. टीचरच्या लक्षात आलं की ही पोर रागावलेली नाही, हिला डेलिशा हवी आहे आणि ती कुठे मिळत नाही.

“मला माहीत नाही,” टीचर म्हणाली. “विगारांनाही माहीत नाही. पायाजवळ चेंडू आलाय तो दे.”

दीक्षाने चेंडू उचलला. तो तिने टीचरला दिला नाही. ती बराच वेळ त्याच्यावरची माती पुसत राहिली, मग तो खाली ठेवून घरी गेली.

पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. कट्ट्यावर बसली. चेंडू तिकडे घरंगळत आला की ती उचलून टीचरकडे टाकायची. जोविटाकडे नाही, टीचरकडे. तेवढ्यानेही गुडघ्याला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात ग्रेटा टीचर मोंतेरोंच्या घरी गेली.

बेनेडिक्टा मोंतेरोला गावात सगळे बेनाबाय म्हणत. नवरा कुवेतला. मुलीच्या मातीसाठी तो आला आणि रजा संपली तसा परत गेला. घरात आता ती एकटी होती. ओट्यावर बसून विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओलं फडकं गुंडाळलेली पानं. टीचरला बघून ती उठली नाही. म्हणाली, डेलिशाचं शाळेत काही राहिलं असेल तर द्या, टीचर, नसेल तर जा. टीचर म्हणाली, काही राहिलं नाही. आणि गेली.

दोन दिवसांनी ती परत आली. बेनाबायने या खेपेला जा म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही. टीचर ओट्याच्या कडेला बसली. काय बोलावं हे तिने येताना वाटेत जुळवलं होतं, ते तिला आता आठवेना. शेवटी तिने कात्री उचलली आणि पानं कापायला घेतली. बेनाबायची बोटं थांबत नव्हती. पान, तंबाखू, एक वळसा, दोरा. टीचरची पानं एक लांबडी, एक तिरकी. बेनाबाय बघत राहिली.

“राहू द्या, टीचर,” ती अखेर म्हणाली. “या पानांच्या विड्या कंपनीच्या ब्रांचवर नेल्या तर तिथला माणूस माझ्या तोंडावर मारेल.”

टीचरने कात्री खाली ठेवली. दोघी काही हसल्या नाहीत, पण बेनाबायने उठून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून दिला.

तिसऱ्यांदा गेली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. बेनाबाय वळत होती, टीचर नुसती बसली होती. बऱ्याच वेळाने बेनाबायने मान वर न करता विचारलं, “ती पोर बोलत नाही म्हणतात ते खरं?”

“खरं.”

“कुणाशीच?”

“कुणाशीच.”

बेनाबायने हातातली विडी पुरी केली, दोरा गुंडाळला. मग सांगायला लागली. माणसं येतात, रडतात, देवाची मर्जी म्हणतात. नवरा फोनवर विचारतो, जेवलीस का. पण मला एकच गोष्ट हवी आहे आणि ती कुणी देऊ शकत नाही. माझी पोर शेवटी काय बोलली. सकाळी माझ्याशी भांडून गेली होती, वेणी घट्ट घातली म्हणून. ते शेवटचं असलं तर मी काय करू. शेवटचं काय होतं, मला कुणी सांगत नाही.

“मला माहीत असतं तर सांगितलं असतं,” टीचर म्हणाली.

“तुम्हाला कसं माहीत असणार. एकाच माणसाला माहीत आहे.”

पागोळ्यांचा आवाज येत होता. हे वाक्य आपण पुरं करायचं नाही एवढं टीचरला कळत होतं.

“शनिवारी दुपारी आणा तिला,” बेनाबाय म्हणाली. “मी ओरडले तर ओरडू द्या. पण आणा.”

शनिवारी अर्धी शाळा झाल्यावर ग्रेटा टीचर जोविटाला घेऊन निघाली. कुठे जायचंय हे तिने लपवलं नाही. सांगितलं, की डेलिशाच्या आईने बोलावलंय, तुला यायचं नसेल तर इथूनच परत फिरू, मी काही म्हणणार नाही. पोर रस्त्यातच उभी राहिली. टीचरही उभी राहिली. बाजूने दूधवाला गेला, एक बस गेली, शाळेतल्या दोन मुली बघत बघत गेल्या. मग जोविटाने पाय उचलला आणि तो मोंतेरोंच्या वाटेच्या दिशेने होता.

बेनाबायने विड्यांचं सूप आत नेऊन ठेवलं होतं. दार उघडं होतं. आत भिंतीवर सायबिणीच्या फोटोखाली डेलिशाचा फोटो, त्यापुढे छोटा विजेचा दिवा. जोविटाने तिकडे पाहिलं नाही. ती दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली, उजवा हात खिशात.

“बस, बाये,” बेनाबाय म्हणाली.

ती बसली नाही.

“मी तुला मारणार नाही. मला एवढंच सांग, ती शेवटी काय म्हणाली.”

जोविटाने तोंड उघडलं. आवाज आला नाही. घसा खाकरून तिने पुन्हा उघडलं. आवाज आला तो फाटका, वापरात नसलेला, ओळखू न येणारा.

ती म्हणाली, ती हसली.

“हसली?” बेनाबायने विचारलं.

तेरडा खडकाच्या पलीकडे जास्त होता, जोविटा सांगत गेली. डेलिशाच पुढे गेली, मी मागे होते. तिने फुलं ओच्यात भरली. पाय घसरला तेव्हा ती कमरेपर्यंतच पाण्यात गेली, आणि हसली. म्हणाली, अगं, माझी सगळी फुलं गेली. तिला वाटलं पाणी तेवढंच आहे. मी पण हसले, मावशी. मग पाण्याने तिला ओढलं आणि ती म्हणाली, धर मला. मी धरलं. खडकावर पालथी पडून धरलं.

“या हाताने,” ती म्हणाली, आणि खिसा नुसता हलला, हात बाहेर आला नाही. “ती धर धर म्हणत होती. मग मी पण घसरायला लागले. आणि मी हात सोडला. तो निसटला नाही, मावशी. सगळ्यांना वाटतं निसटला असेल. मी उघडला. मी बोटं उघडली.”

ग्रेटा टीचर दाराच्या चौकटीला धरून उभी होती. इतके दिवस मैदानावर आपण या पोरीला काय म्हणत होतो हे तिच्या ध्यानात आलं. धर. प्रत्येक चेंडूला. रोज. तिला पुढे होऊन पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं. पण ही घटका आपली नाही हे ओळखून ती जागेवरच थांबली.

बेनाबाय उठली. जोविटाने डोळे मिटून घेतले. बेनाबायने तिच्या खिशात स्वतःचा हात घातला आणि तिचा हात बाहेर काढला, झोपलेल्या पोराला पाळण्यातून उचलावं तसा. तो तिने आपल्या दोन्ही तळव्यांवर ठेवला. तंबाखूने तपकिरी पडलेल्या त्या तळव्यांवर तो पांढराफटक दिसत होता. तिने एकेक बोट उलगडलं. पालथा करून पाहिला, पुन्हा उताणा केला. बराच वेळ पाहत राहिली.

“केवढासा आहे गं,” ती म्हणाली.

मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज सरळच राहिला. “मार्चमध्ये तिला ताप भरला होता. रिक्षापर्यंत उचलून न्यायला गेले तर मला उचलली नाही. मला, जिने तिला जन्म दिला. शेजारच्या दोघांना हाक मारावी लागली. तू कशी धरणार होतीस, बाये? तू कशी धरणार होतीस?”

जोविटा खाली बसली. ती रडायला लागली ती लहान मुलासारखी, तोंड वासून. बेनाबायने तिला गप्प केलं नाही. हात मात्र सोडला नाही, तशीच तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली. मध्येच तिने विचारलं, “आधी हसली ना? नक्की?” पोरीने मान हलवली. थोड्या वेळाने तिने तेच पुन्हा विचारलं, आणि पोरीने पुन्हा मान हलवली.

मग बेनाबाय उठून चुलीकडे गेली. तिने तीन ताटल्यांत पेज वाढली, सोबत सुक्या मासळीची चटणी आणि आंब्याचं लोणचं. चमचे काढायला ती फडताळाकडे वळली, पण जोविटाने पेजेत हात घातला होता. उजवा. पहिला घास तोंडाकडे नेताना अर्धी पेज ताटलीत परत सांडली. ग्रेटा टीचरने नजर फिरवली आणि अंगणातल्या सुपारीच्या झाडांकडे बघत आपली पेज संपवली.

निघताना जोविटाने सवयीने हात जोडले आणि म्हणाली, “बेसांव दी, मावशी.” रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घराघरातली पोरं मोठ्यांकडे असाच आशीर्वाद मागतात. हे घर त्या शब्दाशिवाय दीड महिना होतं. बेनाबायने दाराची कडी घट्ट धरली. मग तिने आशीर्वाद दिला.

“देव बरं करो.”

ग्रेटा टीचरने सोमवारी सकाळीच सिस्टर तेक्लांना सगळं सांगितलं, तुमचं ऐकलं नाही तेही सांगितलं. सिस्टर खुर्चीत मागे टेकून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की आज्ञा मोडल्याबद्दल तुझ्याशी नंतर बोलेन, आधी शिवमोग्याला फोन करते. ते नंतरचं बोलणं त्यांनी कधी काढलं नाही.

टीचर बाहेर आली. खेळांचे दिवस तोंडावर होते म्हणून तिने मैदानावर चुन्याच्या रेषा मारायला घेतल्या. शाळा भरायला अवकाश होता. सकाळची मिस्सा नुकतीच सुटली होती, चर्चच्या पायऱ्यांवर माणसं बोलत उभी होती. मासळीवाली टोपली उतरवत होती, दुकानं उघडली होती, रस्त्याला पोरांची गर्दी होती. तेवढ्यात तो सगळा गलका कमी कमी होत गेला. टीचरने मान वर केली.

चर्चच्या बाजूने बेनाबाय येत होती, काळी साडी, पायात साध्या चपला. तिच्याबरोबर जोविटा होती. मागाहून वलेरियनने सांगितलं की बेनाबाय सकाळी त्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आज बायेला मी सोडते शाळेत, तू रिक्षा काढू नको. शेताच्या आडवाटेने शाळा जवळ पडते. बेनाबायने हमरस्ता धरला होता. चर्चच्या पायऱ्यांपाशी ती थांबली, सायबिणीला हात जोडले, तिथल्या बायकांकडे एकेकीकडे बघून मान लववली आणि पुढे निघाली. मासळीवालीने पदर तोंडाला लावला.

शाळेच्या फाटकाबाहेर दीक्षा कोट्यान उभी होती. ती बाजूला सरली नाही. दोघी जवळ येताच ती जोविटाच्या डाव्या अंगाला आली आणि बरोबर चालायला लागली, दोन पावलं, फाटकापर्यंत. ‘चल’ म्हणाली नाही, ‘ये’ म्हणाली नाही. पुढे संघ तालुक्याला गेला आणि दुसऱ्याच सामन्यात हरला. जोविटाने त्यात दोन सोपे चेंडू सोडले, आणि त्या दोन्ही वेळेला दीक्षा तिच्यावर मैदानभर ऐकू जाईल असं खेकसली, जसं कुठलीही कप्तान खेकसते. ते ऐकून ग्रेटा टीचरला सामना जिंकल्यासारखं वाटलं.

त्या सोमवारी फाटकातून बेनाबाय आत आली नाही. जोविटाचं दप्तर वाटभर तिने स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं. ते तिने उतरवलं, पोरीच्या पाठीला लावलं, पट्टा सारखा केला. कॉलर मुडपली होती ती सरळ केली. घंटा झाली, पोरी आत गेल्या. नववीचा वर्ग भरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

मग ती वळली आणि आल्या वाटेने परत निघाली. चुन्याचं घमेलं हातात धरून ग्रेटा टीचर बघत राहिली. बेनाबायचा खांदा अजून जरा झुकलेलाच होता, आणि चालता चालता तिचा हात पुन्हा पुन्हा वर जात होता, घसरणारा पट्टा सावरायला.